माशाचा गुन्हा, माणसाची जबाबदारी

‘मत्स्यन्याय’ हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसा जिथे बळी तो कान पिळी असा कारभार चालतो, त्याला मत्स्यन्याय म्हणतात. महाभारताच्या शांतिपर्वात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ही कल्पना येते ती राजसत्तेच्या समर्थनासाठी. हाती दंड घेतलेला राजा नसेल तर माणसे माशांसारखी एकमेकांना खातील, म्हणून राजा हवा, असा तो युक्तिवाद. शतकानुशतके आपण तो मान डोलावत ऐकत आलो आहोत. पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक अशी की मोठा मासा अन्याय करतो. दुसरी अशी की राज्यसंस्था आली की मत्स्यन्याय थांबतो.

ही दोन्ही गृहीते तपासून पाहायला लावणारी घटना पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात घडली. तिथे राज्यसंस्था होती. मत्स्यखाते होते, संशोधन संस्था होती, छापील अहवालही होते. एवढे सगळे असताना तिथे मोठा मासा आला, आणि तो सरकारच्या माणसांनीच आणून सोडला.

सरोवर केवढे? सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून मोठे. टांझानिया, युगांडा आणि केनिया हे तीन देश त्याच्या काठी आहेत. ‘व्हिक्टोरिया’ हे राणीचे नाव त्याला १८५८ साली स्पीक या इंग्रज प्रवाशाने दिले. काठावरच्या लोकांची आपापली नावे त्याआधीपासून होतीच. युगांडातले गांडा लोक त्याला ‘नालुबाले’ म्हणतात. या पाण्यात बोटभर ते वीतभर लांबीच्या रंगीत माशांच्या पाचशेच्या आसपास जाती होत्या. टांझानियाच्या काठी त्यांना ‘फुरू’ म्हणतात, युगांडात ‘न्केज्जे’. कोणी गोगलगाय फोडून खाणारा, कोणी दगडावरचे शेवाळ खरवडणारा, कोणी दुसऱ्याची पिल्ले पळवणारा. यांच्या माद्या अंडी तोंडात सांभाळतात. १९७० च्या दशकात सरोवरातल्या माशांच्या एकूण वजनापैकी बहुतांश वजन याच लहान माशांचे होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या भाषेत मात्र ते ‘कचरा मासे’ होते. त्यांना बाजारात भाव नव्हता आणि गळाला लावून मिरवावे असे त्यांच्यात काही नव्हते.

दुसरा मासा नाईल पर्च. केनियात त्याला ‘म्बुता’ म्हणतात, टांझानियात ‘सांगारा’. हा मूळचा नाईल नदीचा आणि अल्बर्ट, तुर्काना यांसारख्या सरोवरांचा. पूर्ण वाढला तर लांबी दोन मीटरपर्यंत आणि वजन दोनशे किलोपर्यंत जाते. नाईल व्हिक्टोरिया सरोवरातूनच बाहेर पडते आणि पुढे अल्बर्टकडे जाते. पण वाटेत मर्चिसन धबधबा आहे. तो चढून वर येणे या माशाला कधी जमले नाही. धबधब्याखाली तो आपल्या ठिकाणी होता. तिथले इतर मासे हजारो वर्षे त्याच्यासोबत जगत आले. खाणारे आणि खाल्ले जाणारे यांचा हिशेब तिथे जुळलेला होता.

मग तो वर आणावा असे वाटले का? त्याचीही एक साखळी आहे. १९०१ साली मोंबासाहून निघालेली रेल्वे सरोवराच्या काठी, आजच्या किसुमूला पोचली. ही रेल्वे बांधायला अखंड हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, हजारो मजूर नेले होते. रेल्वेमुळे माशाला दूरची गिऱ्हाइके मिळाली. पाठोपाठ विलायती जाळी आली. ‘न्गेगे’ नावाचा चविष्ट स्थानिक मासा भराभर कमी होऊ लागला. मासे का कमी झाले याचे उत्तर जाळ्यात आणि बाजारात होते. अधिकाऱ्यांनी ते पाण्यात शोधले. कचरा मासे खाऊन त्यांचे विकाऊ मांसात रूपांतर करील असा एखादा मोठा मासा सोडावा, असा विचार पुढे आला. साहेबांच्या गळाला चांगली शिकार मिळेल हाही हिशेब होताच.

इशारा कोणी दिला नव्हता असे नाही. सरोवराची पहिली शास्त्रीय पाहणी करणारे मायकेल ग्रॅहम यांनी १९२९ च्या अहवालात बाहेरचा मोठा शिकारी मासा आणण्यातला धोका स्पष्ट शब्दांत नोंदवला होता. जेफ्री फ्रायर या शास्त्रज्ञाने १९६० साली लेख लिहून या कल्पनेला विरोध केला. पण तोवर मासा पाण्यात पोचला होता. १९५४ साली युगांडाच्या बाजूने तो गुपचूप सोडला गेला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मत्स्यखात्यातल्या एका आफ्रिकन कर्मचाऱ्याने पुढे अनेक वर्षांनी सांगितले की वरिष्ठांच्या हुकमावरून हे काम आपण केले. १९६० साली हा मासा जाळ्यात सापडला आणि बोभाटा झाला. तेव्हा असा युक्तिवाद पुढे आला की आता तो आलाच आहे, तर आणखी सोडायला काय हरकत? १९६२ आणि ६३ साली तो उघडपणे, अधिकृतरीत्या सोडण्यात आला. चोरून केलेली गोष्ट आधी वस्तुस्थिती होते आणि मग वस्तुस्थिती हेच तिचे समर्थन होते. हा प्रकार आपल्याही ओळखीचा आहे.

वीस वर्षे फारसे काही दिसले नाही. मग १९८० च्या सुमारास केनियाच्या आखातात आणि पुढच्या पाचसहा वर्षांत युगांडा, टांझानियाच्या पाण्यात नाईल पर्चची संख्या एकदम फुगली. फुरू नाहीसे होऊ लागले. सुमारे दोनशे जाती संपल्या असा अंदाज आहे. कित्येकांना शास्त्रीय नाव मिळण्याआधीच त्या गेल्या. लहान मासे संपत आले तेव्हा नाईल पर्च कोळंबी खाऊ लागला आणि स्वतःचीच पिल्लेही खाऊ लागला.

इथे न्यायबुद्धी शाबूत ठेवायची तर थांबून दुसरी बाजूही मांडायला हवी. सगळे पाप या एका माशाच्या माथी मारता येत नाही. काठावरची जंगले तुटली, शेतीतली माती आणि खते, शहरांची घाण पाण्यात आली. शेवाळ माजले, पाणी गढूळ झाले, तळाशी प्राणवायू राहिना. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतली जलपर्णीही येऊन पसरली. फुरू माद्या नराचा रंग पाहून जोडीदार निवडतात. गढूळ पाण्यात निळा कोणता आणि तांबडा कोणता हे कळेना, तेव्हा वेगवेगळ्या जाती एकमेकींत मिसळून गेल्या. ओले सीहाउसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे दाखवून दिले. म्हणजे काही जाती जबड्याने गेल्या आणि काही अंधाराने. फुरूंमध्येही मासेखाऊ जाती पुष्कळ होत्या, तेव्हा आधीचे सरोवर म्हणजे कोणी कोणाला न खाणारे नंदनवन होते असेही नाही.

आता काठावरच्या माणसांकडे वळू. १९७० च्या दशकात सरोवरातून वर्षाला साधारण एक लाख टन मासळी निघे. १९९० पर्यंत हा आकडा पाच लाख टनांच्या आसपास गेला. म्वांझा, किसुमू, जिंजा इथे मासळीचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या मालकांत भारतीय वंशाचे लोकही होते. पांढऱ्या, बिनकाट्याच्या मांसाचे तुकडे विमानाने युरोपला जाऊ लागले. लाखो लोकांना काम मिळाले. काही घरांवर पत्रे चढले, काही मुले शाळेत गेली. हे खोटे नाही, आणि निसर्गाविषयीच्या हळहळीपोटी ते झाकून ठेवणे हा गरिबांवर अन्याय होईल.

पण तो पैसा सर्वांच्या हाती सारखा आला नाही. फुरू उन्हात वाळवता येत. ते काम बायकांचे होते आणि त्याला भांडवल लागत नव्हते. नाईल पर्च तेलकट. तो धुरावर भाजून टिकवावा लागतो, म्हणून लाकूड हवे, म्हणून पुन्हा झाडे तुटली. मोठ्या माशाला मोठी होडी आणि मजबूत जाळे हवे, म्हणजे सावकार हवा. मांस कारखान्यात गेले. उरलेला सांगाडा, डोक्यासकट, तळून काठावरच्या बाजारात विकला जाऊ लागला. केनियात त्याला ‘म्गोंगो वाझी’ म्हणजे ‘उघडी पाठ’ असे नाव पडले. मासळीची चणचण वाढली तशी, विकायला मासळी मिळावी म्हणून मच्छीमाराला शरीर द्यावे लागण्याची ‘जाबोया’ नावाची रीत केनियाच्या काठी माजली, आणि तिच्यामागून एड्स आला. १९९७ ते १९९९ या काळात युरोपीय संघाने आरोग्याच्या कारणांवरून या मासळीची आयात पुन्हा पुन्हा रोखली, तेव्हा कारखाने थंडावले आणि होडीवरच्या माणसाच्या घरातली चूल विझली. हुबर्ट झाउपर यांनी २००४ साली यावर माहितीपट काढला, जगभर तो गाजला. तो एकांगी आहे अशी टीकाही झाली, टांझानियाच्या सरकारचा रोषही झाला. पण सांगाड्यांच्या बाजाराचे दृश्य त्यांनी कल्पनेतून काढलेले नव्हते.

तेव्हा प्रश्न असा की या सगळ्यात गुन्हेगार कोण?

मासा नव्हे, हे उघड आहे. आमच्या फिकहमध्ये ‘मुकल्लफ’ अशी संज्ञा आहे. ज्याच्यावर जबाबदारी टाकता येते तो मुकल्लफ. त्यासाठी अक्कल लागते आणि निवड करता यावी लागते. लहान मूल मुकल्लफ नाही, वेडा मनुष्य नाही, झोपलेला नाही. जनावर तर नाहीच. वाघाने हरीण मारले म्हणून कयामतीच्या दिवशी वाघाला नमाज-रोजाचा हिशेब विचारला जाणार नाही. मासा खातो, कारण तो मासा आहे. म्हणूनच ‘मत्स्यन्याय’ हा शब्दच आम्हाला चमत्कारिक वाटतो. माशांमध्ये न्यायही नसतो आणि अन्यायही नसतो. या दोन्ही गोष्टी माणसाच्या आहेत, आणि माणसाने आपल्या अन्यायाला माशाचे नाव देऊन आपली सुटका करून घेतली आहे.

मग आणणारे अधिकारी गुन्हेगार? त्यांच्या बाजूने म्हणता येईल की त्यांची नियत वाईट नव्हती. लोकांना खायला मासे मिळावेत असेच त्यांना वाटत होते. नियतीला आमच्या धर्मविचारात मोठे स्थान आहे. पण नियत चांगली असली की हिशेब मिटला, असे मात्र तिथेही नाही. चुकून हातून माणूस मेला तर त्याला ‘कत्ले-खता’ म्हणतात. त्यात प्राणाबद्दल प्राण घेतला जात नाही, पण वारसांना दियत द्यावी लागते आणि स्वतः प्रायश्चित्तही घ्यावे लागते. पाप किती हे नियतीवरून ठरते. देणे किती हे नुकसानीवरून ठरते. आज विकासाच्या नावाने जे जे केले जाते, त्यात हा भेद आपण पार विसरलो आहोत. धरण बांधणारा म्हणतो, आमचा हेतू चांगला होता. कीटकनाशक विकणारा म्हणतो, आमचा हेतू चांगला होता. हेतू विचारतोय कोण? देणे कोण फेडणार, एवढेच विचारायचे आहे. आणि ज्याला आधी इशारा मिळाला होता त्याची ‘खता’ पूर्ण खता राहत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

दाऊद आणि सुलैमान या दोन पैगंबरांचा एक निवाडा कुरआनात उल्लेखलेला आहे. भाष्यकारांनी त्याची हकिकत अशी दिली आहे. एकाच्या मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि पीक फस्त झाले. दाऊदनी नुकसानीपोटी मेंढ्याच शेतकऱ्याला देऊन टाकायचे ठरवले. तरुण सुलैमाननी वेगळा मार्ग सुचवला. मेंढपाळाने ते शेत कसून पूर्वीसारखे उभे करावे. तोवर मेंढ्या शेतकऱ्याकडे राहाव्यात आणि त्यांचे दूध, लोकर, कोकरे त्याने घ्यावीत. शेत उभे राहिले की ज्याचे त्याने परत घ्यावे. या निवाड्यात मेंढ्यांना कोणी शिक्षा केली नाही. मेंढपाळालाही देशोधडीला लावले नाही. पण शेत कोणी उभे करायचे आणि तोवर दूध कोणाचे, हे मात्र नेमके ठरले.

व्हिक्टोरियाच्या काठी हा निवाडा उलटा झाला. शेत ज्यांचे फस्त झाले त्यांच्या वाट्याला सांगाडे आले, आणि दूध विमानाने निघून गेले.

आणखी एका गोष्टीबद्दल बोलल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. या माशाबद्दल लिहिताना ‘परका’, ‘आक्रमक’, ‘घुसखोर’, ‘भराभर वाढणारा’, ‘मूळच्यांना संपवणारा’ असे शब्द सर्रास वापरले जातात. शास्त्रात ‘आक्रमक परकीय प्रजाती’ ही संज्ञा आहे आणि ती तिच्या जागी खरी आहे. नाईल पर्च त्या पाण्यात परका होता, त्याने नासधूस केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हेच शब्द या देशात आणि इतरत्रही माणसांसाठी वापरलेले आम्ही ऐकले आहेत, आणि हे शब्द कोणत्या वाटेने कुठे जातात हे आम्हाला नीट ठाऊक आहे. तेव्हा एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. नाईल पर्च आणि फुरू या दोन निराळ्या प्रजाती आहेत. माणसाची प्रजाती एकच आहे. मासा शेजाऱ्याची भाषा शिकत नाही, त्याच्याशी सोयरीक करत नाही, त्याच्या दुःखात जात नाही, त्याच्या भाषेत कविता लिहीत नाही. माणूस हे सगळे करतो. म्हणून जीवशास्त्रातला दाखला माणसांच्या वस्तीवर लावणे हे शास्त्रही नव्हे आणि नीतीही नव्हे. उलट बाजूने, या माशाला बिचारा, पीडित ठरवून आपले दुःख त्याच्यावर लादणेही तितकेच चुकीचे आहे. मासा प्रतीक होण्यासाठी पाण्यात सोडलेला नव्हता.

आता तो परत पाठवता येत नाही. तसा विचारही कोणी करत नाही, कारण तीन देशांतली असंख्य कुटुंबे त्याच्यावर जगतात. अतिमासेमारीने आता तोच कमी झाला आहे, मोठे मासे दुर्मीळ झाले आहेत. पन्नास सेंटिमीटरपेक्षा लहान आणि पंच्याऐंशीपेक्षा मोठा मासा धरू नये असा नियम आहे. तो पाळला जावा म्हणून युगांडाने २०१७ साली सरोवरावर सैन्य उतरवले, आणि होड्या जाळल्याच्या, मारहाणीच्या तक्रारी आल्या. पुन्हा दंड, आणि पुन्हा तो लहान होडीवाल्याच्या पाठीवर. दरम्यान काही फुरू परतले आहेत. नाईल पर्च कमी होताच १९९० च्या दशकापासून त्यांच्या काही जाती पुन्हा दिसू लागल्या, काही तर गढूळ पाण्याला जुळवून घेऊन बदलल्या. गेलेल्या दोनशे जाती मात्र गेल्या त्या गेल्याच. सुलैमानच्या निवाड्यातले शेत तरी पुन्हा उभे करता येण्यासारखे होते.

हे सगळे दूरच्या आफ्रिकेतले, असे समजून आपल्याला बाजूला होता येणार नाही. उजनीच्या पाण्यातली चिलापी हीसुद्धा मूळची आफ्रिकेची. १९५२ साली हा मासा भारतात आणला गेला, तोही स्वस्तात प्रथिने मिळावीत म्हणूनच. आज भीमेकाठच्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते, आणि नदीतले जुने मासे आठवणीत जमा होत चालले आहेत. आफ्रिकन मांगूरच्या पालनावर २००० साली देशात बंदी आली, तरी तो चोरून पाळला जातो आणि तळ्यांवर धाडी पडत राहतात. धाड तळ्यावर पडते. बी कोणी आणले, कोणी विकले, कोणाच्या संमतीने विकले, तिथवर ती सहसा पोचत नाही.

कोकणातले आमचे शाफई भाऊ आणि घाटावरचे हनफी यांच्यात खेकडा चालतो की नाही, कोळंबी चालते की नाही, यावर पिढ्यान् पिढ्या गमतीचे आणि कधी गंभीरही वाद झाले आहेत. मासा हलाल आहे, याबद्दल मात्र दोघांचे एकमत. तो जबह करावा लागत नाही, म्हणून आपण त्याच्या बाबतीत निश्चिंत असतो. पण हलालचा विचार सुरीपाशी सुरू होतो आणि सुरीपाशीच संपतो असे कोणी ठरवले? ताटातला मासा कोणाच्या पाण्यातून आला, त्यासाठी काय संपले, तो धरणाऱ्याला काय मिळाले आणि विकणारीला काय द्यावे लागले, हे प्रश्नही हलाल-हरामच्या चर्चेत आले पाहिजेत. आमचे उलेमा ते घेतील तेव्हा घेतील. लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

कोणत्याही पाण्यात यापुढे नवे काही सोडायचे असेल, मग तो मासा असो, कारखान्याचे सांडपाणी असो की एखादी योजना असो, तर काठावर राहणाऱ्यांना आधी विचारा. नुकसान झाले तर शेत कोण उभे करणार आणि तोवर दूध कोणाचे, हे आधी लिहून द्या. सही करणाऱ्याचे नावही कागदावर राहू द्या. पुढे कोणी हिशेब मागायला आला तर त्याला सरोवराच्या तळाशी माशाला शोधत जावे लागू नये.